मंदाताईंची किटली

मंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पत्रक लिहीत होते : ‘स्वयंसेवकांच्या मनालाही विश्रांती हवी.’ फोनवर त्यांची बहीण होती, सायखेड्याची. "हार्ट बंद पडलं गं. किती महिने झोप नव्हती तिला... तुम्हाला तर माहीत असंल." मी ‘हो’ म्हणाले. मला काहीच माहीत नव्हतं.

गंगापूर रोडच्या मागच्या वस्तीत आम्ही स्वयंसेवक टीबीच्या पेशंटांकडे घरोघर जातो. गोळ्या घेतल्या का बघायचं, हाकललं तरी परत जायचं. पेशंट दगावला की घरचे आमच्यावरच ओरडतात. हा ताण कुणी ऐकत नाही म्हणून पत्रकांतून मी आरोग्य खात्याला झोडपत आले. शिवाय दर शनिवारी समाजमंदिरात ‘मोकळा चहा’ सुरू केला. नियम माझाच : गोल बसायचं, ज्याचा कप भरला त्यानं मनातलं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

किटली घेऊन गोलात फिरायच्या मंदाताई, आमच्यातल्याच एक. कुणी रडायला लागलं की ओतता ओतता थांबायच्या. "बोल बाई, चहा काय पळून चाललाय?" रडता रडता हसू यायचं. एकदा मी विचारलं, "ताई, तुमचं?" "माझं नंतर गं. तुझा गार व्हतोय." नंतर म्हणजे किटली विसळताना. तोवर आम्ही घरी जायला गाड्यांवर बसलेलो असायचो. त्यांची एक तरुण पेशंट गेली, तिच्या आईनं ताईंच्या तोंडावर दार आपटलं. त्या शनिवारी चहात आलं जास्त होतं. आम्ही फक्त चहाची तारीफ केली...

शोकसभेत जो तो म्हणत होता, "कायम हसतमुख!" माझं डोकं फिरलं. पण ओरडू कुणावर? खात्यानं त्यांना विचारलं नाही, हे पत्रकात छापता येतं. आम्हीच गोल केला आणि त्यात त्यांनाच जागा ठेवली नाही, हे कुठे छापू? लाज वाटते, म्हणून इथे लिहितेय.

गेल्या शनिवारी किटली मी उचलली. दांडीला ताईंनी गुंडाळलेली चिंधी अजून तशीच आहे. तिच्यातूनही चटका बसतो, हे मला आत्ता कळलं. सगळ्यांचे कप भरले. आमच्यातली रेखा मला म्हणाली, "अगं, तुझा कप कुठाय?"

"माझं नंतर," मी म्हणून गेले.

रेखानं उठून किटली माझ्या हातातून घेतली, गोलाच्या मधोमध फरशीवर ठेवली आणि भरलेला कप मला दिला. तो गार झाला तेव्हा मी म्हणाले, "मंदाताईंचं मला काहीच माहीत नव्हतं."