बापूची खिडकी

आज बापू नाक पुसत आला आणि दाराकडे न वळता थेट खिडकीबाहेर जाऊन उभा राहिला. बापू ह्यांचा बुद्धिबळातला जुना जोडीदार. ह्यांचा टीबी केव्हाच बरा झाला, पण फुप्फुसात पोकळी राहिली आणि पावाला धरते तशी तिथे बुरशी धरली. कित्येक महिने सगळे टीबीच उलटला म्हणत राहिले. आता औषध लागू पडलंय. फक्त आपल्याला दोन रुमालांत सोडून जाणारी सर्दी ह्यांना अंथरुणाला खिळवते.

म्हणून पट बंद काचेआड मांडला. बापू बोटाने सोंगटी दाखवत होता आणि दोघांच्याही चाली हेच खेळत होते.

"लबाडा, माझा उंट कुठे गेला?" बापू ओरडला.

"तुझ्या शिंकेने उडाला!"

हे मनापासून हसले आणि खोकला आला नाही. माया म्हणजे जवळ येणं, असंच मी आजवर धरून चालले होते. आज ती खिडकीबाहेर नाक पुसत उभी होती.

बापूच्या श्वासाने काच धूसर झाली. ह्यांनी ती आतून पुसून पाहिली, पण वाफ जाईना. मग बापूनेच बाहेरून सदऱ्याच्या बाहीने पुसली आणि म्हणाला, "आता दिसतंय सगळं. उंट ठेव जागेवर."