गल्लीमागचा पाट

परवा नातवाचे दोन मित्र घरी आले होते. सोलापुरातल्या नाहीशा झालेल्या जागांची माहिती गोळा करत होते म्हणे. मी म्हटलं, विचारा. पण खंदक, वेशी, गिरण्यांच्या चिमण्या, सगळं त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मी आपली मान डोलावत बसले. उठता उठता त्यांतल्या एकाने विचारलं, "आजी, तुमच्या लहानपणीचं असं काय, जे आता अजिबात उरलं नाही?" मी म्हटलं, "आमच्या गल्लीमागचा पाट." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिथे आता रिक्षाथांबा आहे आणि उसाच्या रसाचं दुकान आहे. म्हातारी भ्रमिष्ट झाली, असं त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. चहा पिऊन ते गेले. त्यांना सांगितलं नाही, ते इथे लिहिते.

पाट होता. हिप्परग्याच्या तलावातून निघालेल्या कालव्याचा तो फाटा. दिवाळीनंतर रब्बीसाठी पाणी सुटलं की आमच्या गल्लीच्या मागून वाहायचा. रुंदी बैलगाडीएवढी, खोली मोठ्या माणसाच्या कमरेएवढी. त्यावर दोन लांबलचक शिळा टाकून केलेला साकव होता आणि साकवाच्या अलीकडे धुण्याचे सपाट दगड. आमची वस्ती विणकरांची. घरात तेलुगू बोलायचं, उंबऱ्याबाहेर मराठी; इथे मी सगळं मराठीतच लिहिते. रंगवलेलं सूत खळखळून धुवायला बायका पाटावर जायच्या आणि पाणी सकाळी लाल तर दुपारी हिरवं व्हायचं. पोरं त्यात डुंबून रंगीत होऊन यायची आणि मार खायची. मी कधी उतरले नाही. मी जन्माची भित्री. पाण्याला भ्यायची, गिरणीच्या भोंग्याला भ्यायची, शेजारच्या बोकडालासुद्धा भ्यायची.

आमच्या घरात सगळी भीती माझ्या वाट्याला आली होती, कारण आत्याच्या वाट्याची शिल्लक राहिली होती. वडिलांची ही थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन परत आलेली. सूत रंगवणं, धुणं आणि पाजणी ही तिची खाती. त्यात वडिलांचंसुद्धा काही चालत नसे. गुडघे धरलेले, त्यामुळे ती खाली बसायची नाही. उभ्याने काम आणि उभ्याने शिव्या.

पाजणी म्हणजे काय ते सांगते. विणायच्या आधी ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ पाजायची असते. ताणा असायचा गल्लीएवढा लांब. तो घरात कुठे मावणार? म्हणून गल्लीच्या दोन्ही टोकांना दगडी खुंट रोवलेले होते. पहाटे त्या खुंटांना ताणा ताणून बांधायचा, मध्ये बांबूंच्या कैच्यांचा आधार द्यायचा आणि ऊन चढायच्या आत पुरुषांनी मोठे कुंचले घेऊन खळ लावत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं. तेवढा वेळ गल्लीचे दोन भाग व्हायचे. पलीकडच्या ओट्यावर जायचं तर पार खुंटापर्यंत जाऊन वळसा घालायचा. ताणा ओलांडायचा नाही, खालून जायचं नाही, बोट लावायचं नाही. पोरांना चालायला यायच्या आधी हे समजायचं. आत्याने एकदा ताण्याखालून घुसलेल्या शेजारच्या जावयाच्या पाठीत कुंचला घातला होता. जावई म्हणून नंतर चहा दिला, ते वेगळं.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. थंडीचे दिवस होते, पाट भरून वाहत होता. आमचाच ताणा लागला होता. वडील आणि काका पार तिकडच्या टोकाला कुंचले चालवत होते. आई आत चुलीपाशी. मी दारात. माझा धाकटा भाऊ, दोन वर्षांचा, आमच्या समोरच्या ओट्यावर बसून भाकरीचा तुकडा चघळत होता. म्हणजे ताण्याच्या पलीकडे. आत्या अलीकडे, तुटलेले धागे सांधत.

साकवावरून कुत्रं आलं. सगळ्यांत आधी मी पाहिलं, कारण भित्र्या माणसाची नजर सगळीकडे असते. शेपूट खाली, जबडा लोंबलेला, तोंडातून लाळेच्या तारा. इकडे बघत नव्हतं, तिकडे बघत नव्हतं. सरळ चाललं होतं, ओट्याच्या कडेकडेने. मला ओरडायचं होतं. तोंडातून आवाज फुटला नाही. दाराची चौकट धरून मी नुसती उभी राहिले. माझं तोंड बघून आत्याने मान वळवली.

ती खुंटाकडे गेली नाही. खाली बसून सरकायला गुडघे नव्हते. ती सरळ ताण्यात शिरली. ओल्या धाग्यांत छाती घालून, दोन्ही हातांनी फाडत. धागे तुटण्याचा आवाज मी त्या आधी एक-दोन धाग्यांचा ऐकला होता. शेकडो धागे एकदम तुटतात तेव्हा जाड कापड टराटरा फाडल्यासारखा आवाज होतो. तिकडच्या टोकाला वडिलांच्या कुंचल्याखालचा ताणा एकदम सैल पडला, त्यांनी वर पाहिलं आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "ताणा! अगं, ताणा!"

कुत्रं त्यांना दिसलंच नव्हतं. आणि दिसलं असतं तरी ते आधी हेच ओरडले असते, असं ते स्वतःच पुढे जन्मभर म्हणायचे. हसत हसत म्हणायचे आणि डोळ्यांत पाणी यायचं.

आत्याने पोराला पदरात घेतलं आणि दुसरा हात पुढे केला. कुत्र्याने तो कोपराखाली धरला. तिने हिसडा मारला, कुत्रं सुटलं आणि जसं आलं होतं तसंच सरळ, कोणाकडे न बघता गल्लीबाहेर निघून गेलं. तिच्या अंगावर सगळीकडे तुटलेले धागे चिकटले होते. खळ आणि रक्त एकत्र ओघळत होतं. भाऊ रडत नव्हता. भाकरी खाली पडली म्हणून नंतर रडला.

गल्लीच्या तोंडाशी एक टांगेवाले चाचा राहायचे. ते काठी घेऊन कुत्र्यामागे धावले होते. दुपारी परत आले आणि दारातूनच म्हणाले, "वो कुत्ता खेत में मरको पड़ा है, आपा. अब्बीच चलो दवाखाने कू."

कुत्रं आपण होऊन मेलं, म्हणजे ते पिसाळलेलं होतं, हे लहान पोरालाही कळत होतं. आईने तोंडाला पदर लावला. आत्या म्हणाली, "मेलं नव्हं? बरं झालं. माझा हात खाऊन कुणी जगंल व्हय?" आणि टांग्यात जाऊन बसली. सरकारी दवाखान्यात रोज पोटात सुई घ्यायची ठरली. डॉक्टरांनी सांगितलं, लागलीच आलात हे चांगलं केलंत, पण खात्री मी देत नाही. शेजाऱ्यांनी सुयांच्या भरीला एका वैदूचं मूळ आणून दिलं आणि त्याचं पथ्यही सांगितलं. सव्वा महिना वाहत्या पाण्यावर जायचं नाही, पाण्यात बघायचं नाही. बघितलं तर पाण्यात कुत्रं दिसतं आणि मग माणूस हातचा गेला.

त्या दिवसापासून आमच्या घरात भीती राहायला आली. मी तिला ओळखतच होते, पण आता ती सगळ्यांच्याच ओळखीची झाली. आईने घागरीवर फडकं टाकलं. चावलेला माणूस पाण्याला भ्यायला लागला की रोग लागलाच, म्हणून आत्यासमोर कोणी पाणी प्यायचं नाही, पाणी ओतायचं नाही, 'पाणी' हा शब्द काढायचा नाही. मी तहानलेली बसायची आणि ती उठून गेली की घटाघटा प्यायची. आत्या स्वतःचा तांब्या आतल्या खोलीत नेऊन दार लावून घ्यायची. मी दाराला कान लावायची. घोट गिळल्याचा आवाज आला की माझा जीव खाली पडायचा. एखाद्या वेळी यायचा नाही. तेव्हा मी तिथून हलायची नाही.

एरवी ती बसून ताणा सांधत होती. स्टुलावर टेकून, पट्टी बांधलेल्या हाताने, एकेक धागा. वडील म्हणत, राहू दे, ताणा गेला असं समजू. ती म्हणे, "मी मोडलाय, मीच जोडणार. तू गप तुझं काम कर की." मी तिला धाग्याची टोकं शोधून द्यायची. तिची बोटं माझ्या बोटांना लागली की मी हात मागे घ्यायची. तिच्या लक्षात यायचं. ती काही बोलायची नाही, आणि आत्या काही बोलत नाही याचीच मला जास्त भीती वाटायची.

पाटावरच्या बायका काय काय बोलायच्या. आईबरोबर सूत घेऊन गेले की मी ऐकायची. "त्या रोगात मानूस आदी घरात थांबत न्हाय बगा. पहाटंचं उटून भटकतंय. मग भुकतंय." दुसरी म्हणायची, "बांदून ठिवा तिला. पोरंबाळं हायती घरात." आई सूत पिळायची, इतकं की तळहात लाल व्हायचे. ते रंगाने झाले की पिळून झाले, कळायचं नाही.

आणि एका पहाटे गिरणीचा पहिला भोंगा झाला तेव्हा मला जाग आली. शेजारचं अंथरूण रिकामं होतं. थोड्या वेळाने दार हळूच लोटलं गेलं आणि आत्या आत आली. ती कुडकुडत होती. लुगड्याचे काठ ओले होते. पायांचे ओले ठसे दारापासून अंथरुणापर्यंत. मी डोळे घट्ट मिटून घेतले आणि गोधडीत तोंड खुपसलं. पहाटे उठून भटकणं सुरू झालं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही. कोणाला सांगितलं तर तिला बांधतील. नाही सांगितलं आणि तिने भावाला काही केलं तर? मला जेवण जाईना. भाऊ तिच्या मांडीवर चढला की मी काहीतरी निमित्त काढून त्याला उचलून आणायची. तो हातपाय झाडून रडायचा, त्याला आत्याच हवी असायची. रोज पहाटे मी तिच्या जाण्याची वाट बघत जागी पडायची. ती परत येईपर्यंत मोठ्याने रडावंसं वाटायचं आणि ती परत आली की भीतीने रडू आटायचं. कितीदा आईच्या मागे मागे चुलीपर्यंत गेले, आणि आई "काय गं?" म्हणाली की "भूक लागली" म्हणायची. भूक कुठली लागायला!

सव्वा महिना झाला. सुया कधीच संपल्या होत्या. डॉक्टरांनी वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून, आता घाबरू नका, असं म्हटलं होतं, तरी वडील घाबरायचे थांबले नव्हते. त्या दिवशी सकाळी, चांगली उन्हं वर आल्यावर, आत्याने निळ्या सुताच्या लडी खांद्यावर टाकल्या, मला म्हणाली, "चल गं, धरायला कोण तरी पायजे," आणि पाटाकडे निघाली. गल्ली दारात येऊन उभी राहिली. वडील हातमाग सोडून दहा पावलं मागून येत होते, जसं काही त्यांनाही तिकडेच जायचं होतं. धुण्याच्या दगडांवरच्या बायका बाजूला सरल्या. आत्या गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरली, वाकली, ओंजळ भरली आणि प्यायली. मग दुसरी ओंजळ तोंडावर मारली. पाठीमागे वडिलांनी मोठा श्वास सोडला. ते तिथेच धुण्याच्या दगडावर बसले आणि बायकांदेखत रडले.

मी रडले नाही. मला इतके दिवस काही विचारायचं होतं. वडील उठून गेल्यावर मी काठावरूनच म्हटलं, "आत्या, तू रोज पहाटे कुठे जात होतीस?"

तिने लडीवरचा हात थांबवला. "जागी असायचीस व्हय तू?"

"हो."

"हितंच येत हुते," ती म्हणाली. "पाण्यात उबी ऱ्हायची. खाली बगायची. भ्या वाटतंय का न्हाय, ते रोज बगून घ्यायची."

"पण वैदूने पाण्यात बघायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"त्ये त्याला काय जातंय सांगायला. घरात दोन पोरं झोपल्याली."

"आणि भीती वाटली असती तर?"

आत्याने लडी पाण्यात सोडली. निळा रंग तिच्या पायांभोवतून वाहत साकवाखाली गेला. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तर घरी कशाला आले असते मी?"

मी भरल्या पाटाकडे पाहिलं. तिच्यापुढे पाणी कमरेएवढं खोल होतं. रोज पहाटे, मी गोधडीत तिला भिऊन पडलेली असताना, ती त्या पाण्यापाशी येऊन परत जायचं की नाही हे ठरवत होती.

"उबी काय ऱ्हायलीस? धर की," आत्या म्हणाली आणि लडीचं दुसरं टोक तिने माझ्याकडे केलं. मी जन्मात पहिल्यांदा पाटात उतरले. पाणी फार गार होतं. मला भीती वाटत होतीच, पण मी टोक धरलं.