अक्कम्मांनी वाचलेलं भूत

आळंदच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या संकर्षणनं कादंबरी लिहिली ती वाचकांसाठी नव्हे, शेजारच्या भुवनेश्वरीसाठी. त्यातला डिटेक्टिव्ह वीरभद्रप्पा खून होऊन मरतो, भूत होऊन स्वतःचाच खुनी शोधतो आणि शोधता शोधता एका पोरीच्या प्रेमात पडतो. नायक मुद्दाम लिंगायत घेतला होता. भुवनेश्वरीची आई अक्कम्मा, रिटायर्ड हेडमास्तरीण. नायक आपल्यातला दिसला की त्यांना बामण जावईही गोड लागेल, असा याचा हिशेब.

पुस्तक देऊन पंधरवडा झाल्यावर बोलावणं आलं. भुवनेश्वरी सोप्यात तुरीच्या डाळीतले खडे वेचत होती. तिनं चहा दिला, वर हसलीही.

"वाचली," अक्कम्मा म्हणाल्या. "भूत भिंतीतून आरपार जायलंय, अन् पोरीचा हात मात्र बरोबर धरायलंय. लई सोयीचं भूत हाय तुझं."

"अक्का, ते प्रेमामुळं..."

"प्रेमामुळं डोकं बी चालंना झालंय त्याचं. खुनी कोण ते मला पहिल्याच पानावर कळलं. अन् ती पोरगी कामून सारखी 'अय्या' करायलीय? आमच्या भुवीला कधी 'अय्या' म्हणताना ऐकलास?"

भुवनेश्वरी फिस्सकन हसली. संकर्षणही हसला. एवढ्यावर भागलं, असं त्याला वाटलं.

"आता हे वाच. मोठ्यानं." अक्कम्मांनी खूण घातलेलं पान पुढं केलं.

त्यानं वाचलं, "वीरभद्रप्पाची चिता धडधडली आणि राखेतून त्याचा आत्मा उठला..."

"चिता? लिंगायताची?"

संकर्षणनं अर्धा चहा खाली ठेवला.

"आम्ही जाळत न्हाई रे. कपाळाला इभूत लावून, हातात लिंग देऊन मातीत बसवतो. भुवीच्या अप्पाला बी तसंच बसवलं. तू तर म्हणला होतास, शेवटपर्यंत होतो, सगळं डोळ्यानं बघितलं."

म्हणाला होता. याच सोप्यात. खरं तर त्या दिवशी तो कलबुर्गीला सिनेमा बघत होता. पण त्या एका वाक्यानंतरच भुवनेश्वरी त्याच्याशी पहिल्यांदा धड बोलली होती.

तिचे हात डाळीत थांबले.

"भुवी, कादंबरीत थोडं स्वातंत्र्य घ्यावं लागतं..."

"कादंबरी राहू दे. अप्पाच्या मातीला कुठं होतास?"

तिनं वेचलेले खडे मुठीत घेतले, त्याच्या अर्ध्या चहात टाकले आणि सूप उचलून आत गेली.

"डिटेक्टिव्ह हुशार हाय बाबा तुझा," अक्कम्मा म्हणाल्या. "मेला तरी खोटारडा धरून दिला. पुस्तक राहू दे इथं. भुवीला बघायला पाव्हणे येतेत, त्यांना वाचून दाखवू."