तिसरं बोट

"तीन बोटं उभी धरा आणि तोंडात घाला," चंद्रपूरच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. माझ्या बायकोच्या, सुमनच्या, तोंडात एकच बोट गेलं. दुसरं दातांवर अडलं.

"सबम्यूकस फायब्रोसिस." म्हणजे गालाची आतली कातडी कडक होत जाते, तोंड उघडेनासं होतं. डाव्या गालात पांढरा चट्टाही होता. त्याचा बारीक तुकडा काढून तपासायचा, ही बायोप्सी. कॅन्सर आहे की नाही, ते आठ दिवसांनी कळणार.

"खर्रा खाता ना? स्वतःच्या हातानं केलंत हे."

सुमननं मान खाली घातली. मी शेजारी उभा होतो.

खर्रा तिला मी लावला.

अहेरीत माझं शिलाईचं दुकान आहे. पूर्वी मी सिगरेट ओढायचो. एका नवरीच्या ब्लाउजवर ठिणगी पडली, भोक पडलं, तेव्हा सिगरेट सोडली आणि खर्रा धरला. राख नाही, मशीनवर दोन्ही हात मोकळे. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून खर्रा देता देता टपरीवाला म्हणायचा, "सिगरेट छाती जाळते भाऊ. ह्याले धूरच नाई, त कायचा धोका?" हे शहाणपण मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं.

सुमन समोर बसून काज-बटण करायची. तिची दाढ दुखली तेव्हा मीच म्हणालो, "धर, गालात ठेव. दुखनं मरते."

दाढ दुखायची थांबली, खर्रा राहिला. पुढे तिला तिखट झोंबू लागलं. मग घास लहान झाला. वर्षभर मी म्हणत होतो, दाढच असंल.

ते आठ दिवस आम्ही समोरासमोर बसून शिवत राहिलो. तिनं एकदाही मला दोष दिला नाही, आणि मला उलटा तिचाच राग यायचा. असा मी माणूस.

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. "अजून नाही," मॅडम म्हणाल्या आणि पुन्हा तिलाच रागावू लागल्या. तेव्हा मी बोललो, "मॅडम, तिले मी देल्ला. सिगरेटपेक्षा बरा म्हणून."

"धूर नाही म्हणून छाती वाचेलही," त्या म्हणाल्या. "पण हा गोळा तासन् तास गालाला चिकटून बसतो. तिथं काय झालं ते बघताय ना? यात बरं काय आहे?"

बाहेर आलो तर दवाखान्याच्या फाटकाला लागूनच टपरी, आणि आतलाच एक कर्मचारी तिथं खर्र्याची पन्नी घासत उभा. तोंडाच्या रोग्यांना तो रोज वाट दाखवतो. कोणाला काही वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

बसमध्ये सुमन म्हणाली, "हे मॅडमले सांगाले आठ दिवस लागले तुमाले?"

"लाज वाटे."

"मले तोंड उघडता येत नवतं. तुमाले त येत होतं."

आम्ही दोघांनी खर्रा सोडला. गालात इंजेक्शनं झाली, तोंड उघडण्याचा व्यायाम ती रोज करते. तिनं मला घराबाहेर काढलं नाही, हे तिचे उपकार. वाचणाऱ्यांनो, आज आपली तीन बोटं घालून बघा.

परवा एक गिऱ्हाईक दुकानात पन्नी सोडत म्हणालं, "सिगरेट सोडली भाऊ. आता हाच. बिनधोक."

मी काही म्हणायच्या आत सुमननं सुई ठेवली. त्याच्यासमोर तोंड उघडलं, दोन बोटं घातली. तिसरं बाहेरच राहिलं, ते तिनं त्याला दाखवलं.

त्यानं पन्नी परत बांधली.