चार नंबरच्या गाडीतलं तेल

गॅरेजातल्या सगळ्यात जुन्या मेकॅनिकना सगळे चुंबकशास्त्री म्हणत. पुढ्यात नाही, पण त्यांना ऐकू जाईल एवढ्या अंतरावरून.

ट्रकच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, तो म्हणजे डिफरन्शियल. आतले दाते एकमेकांवर घासून मागची चाकं फिरवतात आणि झिजतात. खालच्या बुचाला चुंबक असतं, झिजलेलं लोखंड त्याला चिकटतं. ते बूच काढायचं, चिकटलेला लेप अंगठ्याने पांढऱ्या कार्डावर पुसायचा आणि खाली गाडीचा नंबर, तारीख, किलोमीटर लिहायचे, ही शास्त्रीबुवांची तीस वर्षांची रीत. लेप मऊ लागला तर ठीक, बोटाला टोचला तर काहीतरी बिघडलंय. अशा कार्डांनी बिस्किटांचे नऊ डबे भरले होते. बायको म्हणायची, "जेवायला बसताना तरी तो अंगठा बाहेर ठेवून या."

नवीन मॅनेजर आला आणि अकराच्या अकरा गाड्यांना एकशेचाळीस नंबरचं जाड तेल बंद करून नव्वद नंबरचं पातळ तेल सुरू केलं. म्हणे, पातळ तेलाने गाडी हलकी पळते, डिझेल वाचतं. खाणीतला दगड भरून घाट चढणाऱ्या गाड्या त्या, हलक्या कुठल्या पळतायत! शास्त्रीबुवांनी सांगून पाहिलं. दोन महिन्यांनी घमेल्यात तेल उतरवून बुचं तपासली, तर कार्डांवर चकाकणारे कण. ती कार्डं घेऊन ते केबिनमध्ये गेले.

"काका, अंगठ्याने लोखंड मोजता का?" मॅनेजर हसला. "सगळ्यात जास्त ओझं चार नंबर वाहते ना? तिच्या तेलाची बाटली प्रयोगशाळेत पाठवू. लोखंड किती, एवढंच विचारू. मग बोला."

शास्त्रीबुवांच्या तोंडचं पाणी पळालं.

चार नंबर त्यांचा धाकटा भाऊ चालवायचा. तेल बदलण्याच्या दिवशी कोठीतल्या जुन्या पिंपाच्या तळाशी थोडं जाड तेल उरलं होतं, एका गाडीपुरतं. ते त्यांनी कुणाला न सांगता भावाच्या गाडीत ओतलं होतं. आता सांगावं, तर तेही काढून घेतील. ते मूग गिळून बसले.

अहवाल आला. लोखंड नगण्य. मॅनेजरने तो फलकावर लावला आणि खाली हुकूम लिहिला, की पातळ तेल कायम, शिवाय बदलायची मुदत दुप्पट. शास्त्रीबुवा दिवसभर फलकासमोरून जाताना मान खाली घालत होते. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता आणि तो दहा गाड्यांवर पडला होता. नट आवळायचे पाने त्यांना जागेवर सापडेनात, सापडले तर ते आदळू लागले.

आठवड्याने नऊ नंबरचे दाते घाटात तुटले. भरलेली गाडी मागे घसरत कठड्याला टेकली. ड्रायव्हर वाचला, पण दोन दिवस गाडीवर चढायला तयार नव्हता. शास्त्रीबुवांनी दुसऱ्या गाडीची किल्ली पुढे केली, तर त्याने ती परत त्यांच्याच हातात ठेवली. ते बघून ते तडक केबिनमध्ये शिरले आणि सगळं ओकून मोकळे झाले.

मॅनेजर म्हणाला, "नऊ नंबर जुनी होती, तिच्यावरून काही ठरत नाही. आणि काका, एका गाडीत तुम्ही भलतंच तेल घालता, तर या कार्डांवर मी विश्वास कसा ठेवू?"

तीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. संताप मॅनेजरवर करावा की स्वतःवर, हेच त्यांना कळेना.

"मग चार नंबरमध्येही पातळ तेल घालतो," शेवटी ते म्हणाले. "महिनाभराने पुन्हा बाटली पाठवा. तोवर बाकीच्या गाड्यांत ओझं निम्मं ठेवा. एवढं तरी ऐका."

मॅनेजरने मान डोलावली.

दुपारी त्यांनी भावाच्या गाडीखाली घमेलं सरकवलं आणि बूच काढलं. जाड, मधासारखं तेल सावकाश उतरत होतं. भाऊ शेजारी उकिडवा बसला होता.

"दादा, ओझं माझं निम्मं नाही होणार?"

"नाही. तुझं पूर्णच. नाहीतर काय कळणार?"

"बरं," भाऊ म्हणाला. "वहिनीला सांगू नकोस, ती मला गाडीवर जाऊ द्यायची नाही."

शास्त्रीबुवांनी बूच पुसलं. लेप मऊ होता. कार्डावर नंबर, तारीख, किलोमीटर लिहिले आणि आजवर कधी लिहिलं नव्हतं ते, आत कुठलं तेल होतं तेही लिहिलं. मग पातळ तेल भरलं, बूच आवळलं आणि कोरं कार्ड खिशात ठेवलं. पुढच्या महिन्यात त्यावर चकाकणारे कण यावेत, भरपूर यावेत, एवढंच आता त्यांना सख्ख्या भावाच्या गाडीकडून हवं होतं.