काच अस्वच्छ

"सफाई तर तुमच्या रक्तात आहे ना? मग काच घाण कशी राहते?"

सर मोठ्याने म्हणाले. रबाळ्याच्या आमच्या लॅबमध्ये तेव्हा पाच-सहा जण होते. सगळे हसले. मीही हसले.

माझं आडनाव सगळ्यांना ठाऊक होतं. आई ऐरोलीच्या एका सोसायटीत जिने झाडते, हेही मीच एकदा डबा खाताना सांगितलं होतं. एमएस्सी करून मी इथे लागले. मुलामा चढवताना पाण्यात जी रसायनं घालतात, ती धातूच्या अंगाला कशी चिकटतात ते आम्ही बघतो. मी कापराच्या द्रावणात पाऱ्याचा थेंब लटकवायचे, व्होल्टेज हळूहळू बदलायचे आणि थेंब किती विद्युतभार धरतो त्याचा आलेख काढायचे. त्या दिवशी आलेख मध्येच धाडकन खाली गेला, सपाट राहिला, मग उभा वर आला. रस्त्यात खड्डा असावा तसा.

तोच बघून, भांड्यांत मळ राहिलाय असं धरून, सर तसं बोलले. मग म्हणाले, "वहीत लिहून टाक."

मी लिहिलं. माझ्याच अक्षरात. 'काच अस्वच्छ. प्रयोग रद्द.' वर मीच "सॉरी सर" म्हणाले.

तीन दिवस मी काचेची भांडी धुतली. ॲसिडमध्ये बुडवली, उकळली, पुन्हा धुतली. हातमोजे घालूनही बोटं सोलली. खड्डा जागच्या जागी. मला वाटायला लागलं, घाण माझ्या हातातच आहे. शिकूनसवरून मी हे खरं मानलं. सरांच्या बोलण्यापेक्षा मला याची जास्त लाज वाटते.

चौथ्या दिवशी एसी बंद पडला. लॅब तापली आणि खड्डा अरुंद झाला. मी चमकले. मुद्दाम द्रावण गरम केलं. खड्डा गेला. गार केलं. परत आला, तिथेच. मळ असा थंड-गरम बघून ये-जा करत नाही. थेंबावर पांगलेले कापराचे रेणू त्या व्होल्टेजला एकदम दाटीने, रांगेत बसत होते, पाण्याचं बर्फ व्हावं तसे. रेणूंची अवस्था बदलत होती आणि मी भांडी घासत होते.

सरांनी आलेख बराच वेळ पाहिले. "छान. रिपोर्ट मी लिहितो. आणि वहीतलं ते पान फाड. उगाच घाण दिसतं."

"नाही फाडणार, सर."

"का?"

"वहीचं पान फाडायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

त्यांच्यासमोर 'काच अस्वच्छ'वर एकच आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. तोही त्यांचाच नियम. बाजूला लिहिलं, 'काच स्वच्छ होती.' त्याखाली सरांचं ते रक्ताचं वाक्य, शब्दाला शब्द. मग सही. आजवर मी नुसती आद्याक्षरं करायचे. या वेळी आडनावासकट पूर्ण नाव लिहिलं.

सर तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. लाज गेलेली नाही. मी हसले होते, ते मला विसरायचंही नाही. रिपोर्टवर माझं नाव नसलं, तर ही वही घेऊन मी सरांच्या वरच्या साहेबांकडे जाणार. नोकरी गेली तरी जाणार. आणि माझ्याविरुद्ध माझ्या हाताने यापुढे एक अक्षरही लिहिणार नाही.