कडू घास मला गोड लागला

ठाण्याच्या मानसोपचार डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "भूक नसतानाही खाता?"

मी म्हटलं, "मॅडम, भुकेला विचारतंय कोण."

त्या हसल्या नाहीत. कोपरच्या आमच्या सोसायटीत मी नसले तर भिशीच्या बायका लवकर घरी जातात, हसवण्यात एवढी माझी ख्याती. समोरचं माणूस हसलं नाही की मला घाम फुटतो.

"पोट दुखेपर्यंत? लपून? नंतर स्वतःचीच किळस येते?"

तिन्ही प्रश्नांना मी मान डोलावली.

"याला बिंज इटिंग डिसऑर्डर म्हणतात," त्या म्हणाल्या. म्हणजे खाण्यावरचा ताबा सुटण्याचा आजार. माझी आई याला वखवख म्हणायची. तिच्याकडे त्यावर एकच औषध होतं, पाठीत धपाटा.

गंमत अशी, की माझं वजन कमी करायचं ऑपरेशन आधीच झालं होतं. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. जठराचा मोठा भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. चार घासांत पोट भरतं. वजन उतरलं, गुडघे बोलायचे थांबले. माझा नवरा मनोहर येईल त्या पाहुण्याला सांगायचा, "मी अख्खी बायको दाखल केली होती, त्यांनी अर्धी परत दिली. बाकीची कुठंय, कोणी सांगत नाही."

मग एका सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता मनोहर गेला. हृदयविकाराचा झटका. कप फुटला नाही, नीट बशीत बसला. तो तसा व्यवस्थितच माणूस होता.

मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. नातलग पिठलंभाकरी करून आणतात, त्याला आपल्यात कडू घास म्हणतात. घशाखाली उतरत नाही म्हणून कडू. माझी नणंद सुनंदा शहाडहून डबा घेऊन आली. सख्खा भाऊ गेलेला, डोळे सुजलेले. म्हणाली, "वहिनी, दोन घास तरी खा."

मी खाल्लं. पिठलं मऊ, सरसर उतरलं. मी पुन्हा वाढून घेतलं. मग पुन्हा. पोट आवळून आलं तरी हात थांबेना. खोलीतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सुनंदाने माझ्या ताटाकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "बरं उतरतंय गं वहिनी तुला."

त्या दिवसापासून मी कोणासमोर जेवले नाही. दुपारी दार लावून श्रीखंड, आइस्क्रीम, चुरा केलेला फरसाण. मऊ आणि चुरा झालेलं खाणं नळीत अडकत नाही, हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. वजन परत चढायला लागलं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी एंडोस्कोपी केली, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून जठर बघितलं. म्हणाले, "माझं काम शाबूत आहे. आता ठाण्याला जा."

ज्यांच्यावर हीच वेळ आली असेल त्यांच्यासाठी सांगते. गोळ्या आहेत, पण दुकानातून मनाने आणायच्या नाहीत. ऑपरेशननंतर औषध शरीरात वेगळं भिनू शकतं, खासकरून हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या. बिंजसाठी परदेशात वापरतात ते एक उत्तेजक औषध आपल्याकडे सहज मिळत नाही, आणि हृदयाला जपून द्यावं लागतं. वजनाची ती गाजलेली इंजेक्शनं काहींची वखवख कमी करतात, पण या आजारावर त्यांचा अभ्यास अजून पुरा झालेला नाही. उरल्या दोन. फ्लुऑक्सेटिन, म्हणजे उदासीवरची गोळी, आणि टोपिरामेट, म्हणजे मूळची फिट्सवरची गोळी. सोबत समुपदेशन हवंच.

"टोपिरामेटने खाणं चांगलं आवरतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण कधीकधी शब्द आठवत नाहीत."

मी म्हटलं, "जाऊ देत मॅडम. माझ्याकडे जादाच आहेत."

खाणं खरंच आवरलं. आणि एकदा सोसायटीत मी मनोहरची गोष्ट रंगवत होते. पाल बघून तो खुर्चीवर चढला आणि हातात काय घेतलं, तर... शब्दच येईना. चिमट्यासारखी असते, गरम पातेलं उचलतात. बायका सांगायला लागल्या. उलथनं? झारा? गोष्ट मेली. घरी येऊन ओट्यावरची सांडशी हातात धरून मी ओक्साबोक्शी रडले. मनोहर आता फक्त माझ्या गोष्टींतच उरला होता. शब्द गेले तर तोही जाणार.

डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं. कडू घासाचंही तेव्हाच पहिल्यांदा सांगितलं. नवरा गेला आणि बाई जेवत बसली, असं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला दुःख झालं नव्हतं असं कोण म्हणतं? तुमचं दुःख त्या वाटेने बाहेर पडलं."

गोळी एकदम बंद करायची नसते. हळूहळू कमी करून त्यांनी फ्लुऑक्सेटिन सुरू केलं. वखवख पूर्ण गेलेली नाही. काही दुपारी मी हरते. पण शब्द परत आले.

यंदा सुनंदाचे सासरे गेले. मी पिठलंभाकरी घेऊन शहाडला गेले. सुनंदाला घास उतरेना. तिची म्हातारी सासू मात्र खाली मान घालून भराभर जेवत होती. एका बाईने दुसरीला कोपराने ढोसलं. मी उठले आणि सासूबाई आणि त्या दोघींच्या मध्ये जाऊन बसले. ऑपरेशनच्या आधी असते तर अख्खा पडदा झाला असता. आता जेमतेम झाला.

सुनंदा बघत होती. जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "वहिनी, दादाच्या वेळी माझ्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं गं. म्हणून तुझा राग आला."

मी भाकरीचा तुकडा मोडून तिच्या हातात ठेवला, एक माझ्यासाठी घेतला. कितीतरी महिन्यांनी चारचौघांत जेवले. कडू लागला. बरं वाटलं.

म्हातारीने मान वर न करता ताट पुढे केलं. मी तिला आणखी वाढलं.